रजा, खाडा आणि सीटीसी: बेळगाव-निपाणी पट्ट्यात पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, मच्छेच्या मशीन शॉपमध्ये किंवा निपाणीच्या शोरूममध्ये पोरगं कामाला लागलं की घरचे विचारतात, "हातात किती येणार?" रजेचं कुणी काढत नाही. तो विषय गणपतीच्या तोंडावर निघतो, आणि तोवर मस्टरवर खाडे पडून गेलेले असतात.

आधी सीमाभागातला नेहमीचा घोळ मिटवू. कायदा कामाच्या जागेचा लागतो, घराचा नाही. निपाणीहून रोज कागल एमआयडीसीत जाणाऱ्याला महाराष्ट्राचे नियम, चंदगडहून बेळगावात येणाऱ्याला कर्नाटकाचे. दुकान-ऑफिसच्या नोकरीत हा फरक लगेच जाणवतो. कर्नाटकात वर्षाला दहा पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि सणांच्या पाच. शिवाय आजारपण किंवा इतर वाजवी कारणासाठी बारा दिवस. महाराष्ट्रात अशा पगारी सुट्ट्या आठ आणि किरकोळ रजा (सीएल) आठ. व्यवसाय करही वेगळा: कर्नाटकात महिना २५,००० च्या खाली पगार असेल तर काही कापत नाहीत, महाराष्ट्रात पुरुषांचे १०,००० च्या वर गेले की २०० कापतात, फेब्रुवारीत ३००.

१ नोव्हेंबरकडे, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाकडे, आपल्या भागात कोण कसं बघतं हा वेगळा विषय. मस्टरवर ती पगारी सुट्टी आहे. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, नाहीतर पगार आणि बदली सुट्टी. सणांच्या पाच सुट्ट्या कुठल्या ते वर्षाच्या सुरुवातीला ठरतं, म्हणून यादी तेव्हाच बघून ठेवा. वैशाखातली शिवजयंती किंवा गावची जत्रा तिच्यात असेलच असं नाही. नसेल तर ती रजेतून काढावी लागते.

आता कमावलेली रजा, म्हणजे ईएल किंवा पीएल. कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस. कारखान्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. एचआरच्या टेबलावर जुनी पुस्तिका असू शकते, तेव्हा रुजू होताना आकडा विचाराच. मेख या अटीतच आहे. ३०० दिवस भरले तर रजा पंधरा. पण ऊसतोडीला, लग्नसराईला असे खाडे करत १७८ वर अडकलात तर आठ-नऊ दिवस रजा मिळेल असं नाही, हक्क म्हणून काहीच मिळत नाही. खाड्याने एका दिवसाचा पगार जातो एवढंच सगळे धरून चालतात.

ठेकेदाराकडून लागलेल्यांनी जास्त जपावं. रजा त्यांनाही लागू आहे. पण मधेच चार दिवस 'ब्रेक' देऊन किंवा दुसऱ्या नावाच्या फर्मवर चढवून मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची, हा जुना डाव आहे. पीएफचं पासबुक दोन महिन्यांनी एकदा उघडा. मालकाच्या जागी नवं नाव दिसलं किंवा एखादा महिना कोराच दिसला, तर हजेरी कार्डाचे फोटो काढून ठेवायची वेळ आली समजा.

अर्ज कागदावर किंवा ॲपवर द्या, निदान पंधरा दिवस आधी. कारखाना कायद्यात हीच मुदत होती. सुपरवायझरला चहाच्या टपरीवर सांगितलेली रजा ही रजा नव्हे. लेखी अर्जाचा आणखी एक फायदा: एरवी शिल्लक रजा पुढच्या वर्षी तीस दिवसांपर्यंतच नेता येते, पण मागितलेली रजा नाकारली असेल तर तिला ही मर्यादा नाही. नाकारली हे दाखवायला अर्जाची पोच हवी. दुसरं, 'सँडविच', म्हणजे रजेच्या मधे आलेली सुट्टीही रजेतच मोजायची. गुरुवार ते मंगळवार रजा घेतली आणि मधे रविवारची आठवडी सुट्टी असली तर रजा पाचच दिवस धरायची, सहा नाही. कमावलेल्या रजेत मधल्या सुट्ट्या मोजत नाहीत. सीएलबाबत मात्र कंपनीचं धोरण चालतं.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. उपचार लगेच सुरू होतात, पण आजारपणातल्या रजेचे पैसे नवीन माणसाला नऊ महिन्यांनी. मे महिन्यात लागलेल्याला ते फेब्रुवारीपासून. ते पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. दावा अडतो तो बहुधा सर्टिफिकेटवर: गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी नेली जाते, हवी असते ईएसआयच्या डॉक्टरची. कामावर इजा झाली तर नऊ महिन्यांची अट नाही. अपघाताची नोंद मात्र त्याच दिवशी, त्याच शिफ्टमध्ये करून घ्या.

बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. कर्नाटकाच्या २०२५ च्या धोरणाने १८ ते ५२ वयाच्या महिला कामगारांना मासिक पाळीसाठी महिन्याला एक पगारी दिवसही दिला आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पण या महिन्याची रजा पुढच्या महिन्यात ढकलता येत नाही.

बस, कँटीन, युनिफॉर्म यांना भुलायचं कारण नाही. ते सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चात, धरलेत का एवढं विचारा. वर्षाला २,४०,००० म्हणजे महिना वीस हजार असं सांगतात. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १३,००० असेल तर मालकाचा पीएफ १,५६०, ग्रॅच्युइटीचे (नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या रकमेचे) ६२५ आणि मालकाचा ईएसआय त्याच विसातून जातो. मग तुमचा पीएफ-ईएसआय कापून हातात येतात साडेपंधराच्या आसपास. त्यात कँटीनचेही कापत असतील तर आणखी कमी.

नोकरी सोडताना राजीनाम्यातच शिल्लक रजेचा आकडा लिहा. तिचे पैसे मिळतात, काढून टाकलं तरी मिळतात. हिशोबात भागाकार कितीने केलाय ते बघा: १३,००० ला २६ ने भागलं तर दिवसाचे ५००, तीसने भागलं तर ४३३. बारा दिवसांच्या रजेत हा फरक ८०० रुपयांचा. नव्या वेतन संहितेप्रमाणे बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. अडवला तर कामगार खात्याच्या ऑफिसात अर्ज द्या, कन्नड किंवा इंग्रजीत, म्हणजे भाषेवरून परत यावं लागत नाही. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि रजेच्या अर्जाची पोच जोडा.