किलिमांजारो: माचामे वाटेने उहुरू शिखरावर

सह्याद्रीत घाटवाटा झपाझप चढणारा गडी टांझानियातल्या किलिमांजारोवर पायांमुळे अडत नाही, विरळ हवेच्या डोकेदुखीने अडतो. माचामे गेटच साधारण कळसूबाईच्या (1,646 मीटर) उंचीवर. किलिमांजारोचं सर्वोच्च टोक, उहुरू शिखर, 5,895 मीटर. सोबत गाइड सक्तीचा असतो. त्याचं 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, शब्दशः पाळा. चालता चालता गप्पा मारता येत नसतील, तर तुम्ही जास्त वेगात आहात.

सहा दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतं, तरी सातच दिवसांचं घ्या. तिसऱ्या दिवशी शिरा कॅम्पवरून सुमारे 4,600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरला जायचं आणि झोपायला बारांकोला, म्हणजे 4,000 मीटरच्या आत, उतरायचं. चढलेलं बहुतेक उतरावं लागतं म्हणून चरफडू नका; विरळ हवेची सवय यानेच होते. जादा दिवसामुळे बारांको ते बाराफू (शिखराआधीचा शेवटचा कॅम्प) हा टप्पा करंगा कॅम्पवर तुटतो.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या, थोड्यात ओआरएस घाला. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते.

बाराफूहून (सुमारे 4,670 मीटर) मध्यरात्री निघायचं. ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवरचा स्टेला पॉइंट (5,756 मीटर) गाठायला सहा-सात तास, पुढे उहुरूला जवळजवळ एक तास. उणे 10 ते उणे 20 तापमान धरून तयारी करा: सिंथेटिक थर्मल, फ्लीस, डाउन जॅकेट, वर वारा अडवणारा थर. सुती काही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. निघताना किंचित थंडी वाजलेलीच बरी. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ तोंडाशी धरत नाही. टॉर्चच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात.

हलकी डोकेदुखी चालते. झोकांड्या जायला लागल्या, बसल्या जागी धाप लागली, उलट्या थांबेनात, तर रात्र असो वा शिखर समोर असो, ताबडतोब खाली. गोळी घेऊन पुढे रेटायचं नाही.

उतार भुसभुशीत मुरमाचा आहे. काठ्या थोड्या लांब करा, गेटर (बुटात खडे जाऊ न देणारं पायावरचं आवरण) बांधा. पायांची नखं पुण्या-मुंबईहून निघण्यापूर्वीच कापा, नाहीतर बुटात आपटून काळी पडतात. आणि हो, सॅकमध्ये आपल्या सवयीच्या प्लॅस्टिक पिशव्या नकोत. टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे. ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, घ्या.