आयडी वाटणारी सेवा आणि घड्याळाची फाइल

लिनक्स सर्व्हर माझ्या ताब्यात आले त्या पहिल्याच सकाळी मी घाबरलो. यूयूआयडीडीची, म्हणजे प्रोग्रॅमना यूयूआयडी (कुठेही पुन्हा येऊ नये असा ओळखक्रमांक, थोडक्यात आयडी) वाटणारी सर्व्हिस 'इनॅक्टिव्ह' दिसत होती. हाताने सुरू केली. रीबूट झाल्यावर पुन्हा तेच. दोन-तीनदा हा खेळ झाल्यावर सीनियरने विचारलं, "सॉकेट बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) या सेवेचं सॉकेट हे वेगळं युनिट असतं. ते कान देऊन बसतं आणि आयडीची पहिली मागणी आली की सर्व्हिसला उठवतं. बिघाड नव्हताच, मी उगाच धावपळ करत होतो. तेव्हा आधी सॉकेट चालू आहे ना ते बघा, मग यूयूआयडीडीकडेच एक आयडी मागून बघा. आला तर काम संपलं.

आता हा डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) लागतोच कशाला? चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत 122 बिट यादृच्छिक असतात, तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही. पहिल्या आवृत्तीत मात्र वेळ असते: 15 ऑक्टोबर 1582 पासून मोजलेले 100 नॅनोसेकंदांचे टप्पे. (ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं तो दिवस. हे कळेपर्यंत मला तो आकडा कुणाची तरी चूक वाटत होता.) सोबत 14 बिटांचा घड्याळ-क्रमांक आणि सहसा नेटवर्क कार्डाचा पत्ता. एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसनी एकाच टप्प्यात आयडी बनवला तर दोघांचा आयडी सारखाच निघू शकतो. म्हणून मध्ये एकच वाटप करणारा बसवायचा. लिनक्सवर सॅप (कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांना ही सेवा याचसाठी ओळखीची असते.

खरी गोम पुढे आहे. घड्याळ मागे सरकलं तर? शेवटची वेळ आणि घड्याळ-क्रमांक लिबयूयूआयडीच्या (यूयूआयडी बनवणारी लायब्ररी) फोल्डरमधल्या 'क्लॉक' नावाच्या छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलेले असतात. वेळ मागे गेलेली दिसली की क्रमांक एकाने वाढतो आणि जुने आयडी पुन्हा निघत नाहीत. सेवेची सगळी स्मरणशक्ती त्या फाइलमध्ये असते.

आणि मी नेमकी तीच बिघडवली. सर्व्हर हलवताना फोल्डर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून कॉपी केलं, मालकी रूटकडे गेली, आणि यूयूआयडीडी या युजरला फाइल उघडता येईना. आयडी येतच राहिले, म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही. फाइल नसली किंवा उघडता आली नाही की सेवा सुरू होताना क्रमांक यादृच्छिक उचलला जातो. टक्कर व्हायची शक्यता त्यातही कमीच, पण आधीचा धागा तुटतो. नंतर दुसऱ्याच कामासाठी फोल्डर उघडलं, तेव्हा फाइलची जुनी तारीख बघून शंका आली.

व्हर्च्युअल मशीन क्लोन करताना (हुबेहूब नक्कल काढताना) याच्या उलट होतं: फाइलही सारखी आणि नेटवर्क पत्ताही तसाच राहिला तर दोन मशीनना स्वतःची एकच ओळख वाटते. क्लोनला नवा पत्ता द्या, ही फाइल काढा, मगच ते चालू करा. माझ्या यादीत ही ओळ आता सगळ्यात वर आहे.

नवं काही बांधत असाल तर माझं मत सरळ आहे: पहिली आवृत्ती घेऊच नका. मे 2024 च्या आरएफसी 9562 या इंटरनेट मानकामध्ये आलेली सातवी आवृत्ती सुरुवातीला 48 बिटांत मिलिसेकंद ठेवते, त्यामुळे आयडी क्रमाने लागतात आणि बहुतेक कामांना डेमन लागतच नाही. पण जुनं सॉफ्टवेअर पहिलीच मागतं, आणि ते सांभाळायचं काम नव्या माणसाकडेच येतं.