बीचवरच्या व्हिलातलं भारी किचन मिळालंय? मग आधी हे करा

मी शेफ आहे, निम्मं आयुष्य बिनखिडकीच्या गरम किचनमधे गेलंय, त्यामुळे सुट्टीला समुद्रकाठी घर भाड्याने घेतलं की बाकीचे बाल्कनीत पळतात आणि मी ओट्याकडे. लांबलचक मोकळा ओटा, समोर खिडकी, खिडकीत समुद्र... कांदा चिरायलासुद्धा मजा येते राव. पण एक सांगतो, ही किचन्स बऱ्याचदा फोटोत छान दिसावीत म्हणून केलेली असतात, त्यात रोज कोणी रांधत नाही, म्हणून पहिला अर्धा तास नीट तपासणीला द्या.

सगळ्यात आधी सुऱ्या. ओट्यावर लाकडी ठोकळ्यात सहा सुऱ्या ऐटीत उभ्या असतात आणि एकीनेही टोमॅटो कापला जात नाही. मी माझी एक सुरी कापडात गुंडाळून नेतोच. नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा, तळाची खरखरीत कडा असते ना, तिच्यावर पातं साधारण 15-20 अंशात तिरकं धरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने आठ-दहा वेळा घासा, कामचलाऊ धार येते. काचेचा चॉपिंग बोर्ड दिसला तर सरळ कपाटात टाका, धारेची वाट लावतो तो. लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या आणि खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे सरकत नाही.

मग शेगडी. इंडक्शन असेल तर फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट काढून भांड्यांच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तर ते भांडं चालणार, नाही चिकटलं तर कितीही महागडं तांब्याचं पातेलं असो, शोभेचंच. आणि वाळू! सगळे बीचवरून आले की हातापायाला, पिशव्यांना वाळू असतेच, ती काचेच्या शेगडीवर पडली आणि वर भांडं सरकवलं की ओरखडा आलाच, कारण वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कडक असतं. भांडं उचलून ठेवायचं, सरकवायचं नाही. गॅस असेल तर वाऱ्याकडची खिडकी स्वयंपाकापुरती बंद ठेवा, ज्योत विझली तर गॅस सुटत राहू शकतो.

ओटा पांढराशुभ्र संगमरवरी असेल तर लिंबू जपून. आंबट पदार्थ त्या दगडालाच खातो, तो डाग नसतो, वरचं पॉलिश गेलेलं असतं, त्यामुळे घासून निघत नाही आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. ग्रॅनाइटला हा त्रास सहसा नाही.

ओव्हनवर लगेच भरवसा ठेवू नका. फॅनवाला असेल तर रेसिपीत दिलंय त्यापेक्षा 20 अंश सेल्सियस कमी ठेवा. माझ्याकडे काटेवालं थर्मामीटर असतं, ते तपासायला ही जागा एकदम बेस्ट, कारण समुद्रसपाटीला पाणी 100 अंशालाच उकळतं, उकळत्या पाण्यात बुडवलं आणि आकडा भलताच आला तर फरक लक्षात ठेवायचा.

आता फ्रिज, इथे घाई नको. रिकामा, बंद ठेवलेला मोठा फ्रिज थंड व्हायला बराच वेळ घेतो आणि आपण पोचल्या पोचल्या आठवड्याचं सामान कोंबतो. आधी सुरू करा, 4 अंशांच्या आत आला की मगच मासे-मटण ठेवा. मासे तर चाळणीत बर्फावर ठेवायचे, चाळणी खाली मोठ्या भांड्यात, म्हणजे वितळलेलं पाणी खाली जातं आणि मासा पाण्यात लोळत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास.

मिठाचं सांगायचं राहिलं, दमट हवेत ते गोळा होणारच. छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि वाटीत रोज लागेल तेवढंच काढा.

शेवटी माशाचा कचरा. डस्टबिनमधे टाकला तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या घराला वास, म्हणून पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमधे टाका आणि निघायच्या दिवशी बाहेर न्या. दारावर चिठ्ठी मात्र लावा. मी एकदा विसरलो होतो, चार दिवसांनी घरमालकाचा फोन आला, मोठं पाकीट सापडलंय, आत नक्की काय आहे म्हणून.