वॉर्डातला मृत्यू: सोलापुरात इंटर्नशिप सुरू करणाऱ्यांसाठी

मृत्यूकडे बघण्याची डॉक्टरची नजर एमबीबीएसच्या आधी, घरातच घडलेली असते. मरणाचा विषय जिथे टाळला जायचा त्या घरातला डॉक्टर नातेवाइकांपुढे 'प्रयत्न चालू आहेत' म्हणत राहतो. सगळं विधिलिखित मानणारा कधी लवकर हात आखडता घेतो. युरोपातल्या १७ देशांत, ३७ अतिदक्षता विभागांत आयुष्याच्या अखेरच्या उपचार-निर्णयांवर झालेल्या ईथिकस अभ्यासात ज्यू, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम डॉक्टरांचा कल चालू उपचार काढण्यापेक्षा नवे सुरू न करण्याकडे दिसला. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि धर्म न मानणारे डॉक्टर चालू उपचारही काढून घेत. आपल्याकडे व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय इंटर्नचा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ च्या सुधारणेने तो दोन वैद्यकीय मंडळांकडे दिला आहे. तरी आपला कल कुठे आहे, हे पहिल्या ड्युटीआधी स्वतःला विचारून ठेवाच.

सोलापुरात एकाच वॉर्डात लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, मराठा कुटुंबं असतात. नातेवाइकांना मराठी नीट समजत नसेल तर कन्नड किंवा तेलुगू येणाऱ्या सिस्टरना सोबत घ्या. घरातल्या पोराला दुभाषी करू नका. आधी केसपेपरवरचं नाव आणि समोरच्याचं नातं पडताळा, बसून बोला, 'त्यांचा मृत्यू झाला आहे' असं स्पष्ट सांगा. 'सिरीयस आहे' म्हणून वेळ काढलात, तर तासाभराने त्याच माणसांचा तुमच्यावरचा विश्वास उडालेला असतो, आणि तो रास्तच असतो.

शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटच्या तोंडात गंगाजल, तुळशीपान घालायचं असतं. अडवू नका, पण गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं; ओल्या गॉजने ओठ भिजवू द्या. 'घरी नेतो' म्हणाले तर वाटेत काय होऊ शकतं ते सांगा आणि डिस्चार्ज कार्डावर निदान सविस्तर लिहा. गावी मृत्यूचं कारण लिहिणाऱ्याला बहुधा तेवढाच आधार असतो.

मृत्यूनंतरची घाई मात्र समजून घ्यावी लागते. अनेक लिंगायत कुटुंबांत देह बसवून पुरतात. ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत जबड्यापासून जाणवू लागतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून कागद आधी पुरे करा. मुस्लिम कुटुंबं गुस्ल, म्हणजे देहाला विधीची आंघोळ, देऊन लवकर दफन करतात. नळ्या काढल्यावर सुईच्या जागा घट्ट पट्टीने बंद केल्या नाहीत, तर आंघोळीत रक्त वाहतं आणि नातेवाईक हादरतात. दहन होणार असेल तर पेसमेकर आहे का विचारा. तो न काढल्यास चितेत फुटतो.

एमएलसीत, म्हणजे पोलिसांना कळवावी लागते अशा मेडिकोलीगल केसमध्ये, मृत्यूनंतरच्या घाईचं यातलं काहीच लागू नाही. विषबाधा, भाजणं, अपघात असेल तर नळ्या जागच्या जागी ठेवा, पोलिसांना तत्काळ कळवा, दफनाला उशीर का होणार ते घरातल्या वडीलधाऱ्याला सांगा. फॉर्म ४ वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर, 'हृदय बंद पडले' एवढंच लिहू नका. ते कोणत्या आजाराने बंद पडलं, ते लिहा.