रिम जुनीच, टायर रुंद: माझा अनुभव
माझ्या स्विफ्टला कंपनीच्या 14 इंची लोखंडी रिमवर 165/80 टायर होते (रुंदी 165 मिमी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के). घाटात वळणावर गाडी अंग टाकायची, म्हणून रुंद टायर घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "185/65 टाका साहेब, बिनधास्त बसतो." बसला खरा! पण चार माणसं बसली की सोसायटीचा स्पीडब्रेकर पोटाला घासू लागला.

मग घरी हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिमी. जुन्या टायरच्या भिंतीची उंची 132. गाडी 12 मिमी खाली आली होती! चाक लहान झाल्यामुळे स्पीडोमीटरचा काटा 100 दाखवी तेव्हा खरा वेग 96 च्या आसपास. (वाढलेल्या मायलेजचा आनंदही त्यातलाच, किलोमीटर मोजणारा ओडोमीटर जास्त पळत होता.)

शेवटी तोटा सोसून 185/70 घेतले. उंची 129.5, एकूण व्यासात फरक एक टक्क्याहून कमी. 195 चा मोह टाळला, कारण माझी रिम 5 इंच रुंद, आणि त्या टायरला चालणाऱ्या रुंदीच्या ती अगदी काठावरची. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नाही, हेही पाहिलं.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड लागतं. साचलेल्या पाण्यात वेग मी आधीपेक्षा कमीच ठेवतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.