जांभूळ-काजूच्या पानातून आरएनए काढायचाय? आधी एवढं तयार ठेवा

जांभूळ, काजू, आंबा असल्या झाडांच्या पानातून चांगला आरएनए (पेशीतल्या जनुकांची कामाची प्रत) पाहिजे असेल तर सगळी तयारी पान तोडायच्या आधीच झालेली पाहिजे, कारण पान तुटलं की त्याच्यातलीच एन्झाइम्स आरएनए तोडायला लागतात, पान कुटलं की फिनॉल हवा लागून तपकिरी होतात आणि आरएनएला चिकटतात, मग किट कितीही महाग आणा की, हाताला काही लागत नाही.

म्हणून पहिली सोय लिक्विड नायट्रोजनची. आपल्याकडं गाई-म्हशींच्या रेतनाला तो लागतोच, कुठं भरून मिळतो ते जनावरांच्या डॉक्टरना विचारा. झाकण घट्ट लावायचं नाही, आणि खानापूर-जांबोटीकडं गाडीतून नेताना काचा खाली पाहिजेतच, बंद गाडीत ऑक्सिजन कमी होतो, जीवाशी खेळ नको. फॉइलच्या पुड्यांवर नावं घरूनच लिहून न्या. पालवी तांबूस, कोवळी घ्या, सकाळी लवकर, जून पानात स्टार्च जास्त, आणि तोडली की लगेच नायट्रोजनमध्ये. कुटून बफरात (कुटलेलं पान ज्या द्रावणात घालायचं त्यात) पडेपर्यंत ती एकदाही वितळता कामा नये, बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं.

भांड्यांवर आणि पाण्यात पण आरएनए तोडणारी एन्झाइम्स असतात, ती घालवायला खलबत्ता फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर 180 अंशावर ओव्हनमध्ये ठेवा. पाण्यात 0.1 टक्का डीईपीसी (ती एन्झाइम्स निकामी करणारं रसायन), रात्रभर ठेवून ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाखाली गरम) करा. ट्रिसच्या (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) बफरात मात्र डीईपीसी घालू नका, ते ट्रिसशीच रिॲक्ट होऊन संपतं, ट्रिस त्या तयार पाण्यात करा.

बफरात 2 टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), 2 टक्के पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारा), 2 मोलर मीठ, ट्रिस आणि ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं). बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत सीटॅब पांढरा होऊन खाली बसतो, घाबरू नका, 65 अंशावर गरम करून हलवा. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (फिनॉल तपकिरी होऊ न देणारं, घाण वासाचं रसायन) 2 टक्के, पण त्याच दिवशी, फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). पुढं क्लोरोफॉर्मनं धुवायचंय, तेव्हा ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्या बघून घ्या, क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक खातो.

10 मोलर लिथियम क्लोराइड पण करून ठेवा, पाव भाग घालून रात्रभर 4 अंशावर ठेवलं की आरएनए खाली बसतो, साखरा बऱ्याचशा वरच राहतात. म्हणजे काम दोन दिवसांचं, तेव्हा दुसऱ्या दिवशी थंड सेंट्रिफ्यूज मोकळा आहे का ते आधीच विचारा. डीएनेज (राहिलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) आणून ठेवा. शेवटी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाश शोषणाची 260/280 आणि 260/230 ही गुणोत्तरं दोन्ही 2 च्या आसपास पाहिजेत, 260/230 चा आकडा पडला तर साखर नाहीतर फिनॉल राहिलंय, लिथियमचं परत एकदा करा. जेलवर (आरएनए आकारानुसार वेगळा करून बघायचा थर) रायबोसोमच्या आरएनएचे दोनापेक्षा जास्त पट्टे दिसले म्हणून टाकून देऊ नका, पानात क्लोरोप्लास्टचे पण असतात.