लगीनघाईशिवाय लग्न: हातांनी करायच्या गोष्टींची तयारी

सहा महिने हातात असताना पहिलं काम म्हणजे दोघांनी शांत बसायचं आणि लग्नात स्वतःच्या हातांनी काय काय करावंसं वाटतं ते एका कागदावर लिहून काढायचं. पत्रिका, पताका, कागदी फुलं, नावांच्या पाट्या, जुन्या फोटोंची भिंत, पाहुण्यांना द्यायच्या भेटी, कपड्यावरचं भरतकाम, मनात येईल ते सगळं. मग त्यातल्या तीन गोष्टींभोवती गोल करायचा आणि बाकीच्या निर्धाराने खोडायच्या. निवडताना एवढंच विचारा की ही गोष्ट करायला आवडणार आहे, की नुसती झालेली बघायला आवडणार आहे? जिला भरतकामात तास कसे गेले ते कळत नाही तिने भरतकाम ठेवावं. ज्याला घड्या घालायचा कंटाळा आहे त्याने पत्रिका सरळ छापून घ्याव्यात. त्यात काही कमीपणा नाही.

त्याच कागदावर वरच्या कोपऱ्यात लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख ठळक लिहा. हाताने करायचं सगळं त्या तारखेला संपलेलं हवं. शेवटच्या आठवड्यात घर माणसांनी भरतं, आणि तेव्हा नवरा-नवरीच्या हातात गोंद आणि कात्री असेल तर मावशीशी गप्पा कोण मारणार? निवांत लग्न हवं असेल तर ते या एका तारखेवर उभं आहे. पुढे जे काही सांगते आहे ते तिच्याच हिशेबाने वाचा.

जागा ठरवताना भाड्याबरोबर चार गोष्टी विचारून लिहून घ्या: सजावटीसाठी जागा किती वाजता उघडून मिळेल, किती वाजता रिकामी करायची, भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी चालते का, आणि मेणबत्त्या लावू देतात का. विजेचे बोर्ड कुठे आहेत त्याचे फोटो काढा. दोन खांबांमधली अंतरं टेपने मोजा, पावलांनी नको. लग्नाच्या नोंदणीसाठी लागणारे कागद, साक्षीदार आणि मुदत यांची चौकशी संबंधित कार्यालयात जाऊन याच महिन्यात करून टाका. हे काम लांबवू नये.

आता वेळेचा हिशेब, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. कुठलीही गोष्ट ठरवली की आधी तिचे पाच नग करून बघा, घड्याळ लावून. पहिल्या दोघांचा वेळ सोडून द्या, शेवटच्या तिघांची सरासरी धरा. क्रेप कागदाचं एक गुलाब दहा मिनिटांत होत असेल तर २०० गुलाबांना २००० मिनिटं लागतात, म्हणजे ३३ तासांहून जास्त. रोज संध्याकाळी एक तास दिला तर महिना गेला. हा आकडा बघून घाबरायचं नाही, २०० ची ६० करायची. मुख्य जागेभोवती दाट लावलेली ६० फुलं सभागृहभर विखुरलेल्या २०० फुलांपेक्षा जास्त उठून दिसतात.

पत्रिका स्वतः करणार असाल तर आकार ए-६ ठेवा. ए-४ च्या एका कागदातून बरोबर चार निघतात, कतरण वाया जात नाही, आणि सी-६ आकाराचं तयार पाकीट त्याला नेमकं बसतं. साठ पत्रिकांना पंधरा कागद. चुका धरून अठरा घ्या. जाडी २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असली की कार्ड हातात भरीव लागतं, पण घरच्या बऱ्याच प्रिंटरना एवढा जाड कागद ओढवत नाही. म्हणून सगळा गठ्ठा घेण्याआधी एकच कागद आणून चालवून बघा. घडीचं कार्ड असेल तर कागद आधी दोन्ही दिशांनी हलकाच वाकवा. एका दिशेला तो सहज वळतो. घडी तिकडे घातली तर कड फाटल्यासारखी दिसत नाही. घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, मगच दुमडा.

ठसा कोरून छापायची हौस असेल तर लिनो (ठसे कोरायला मिळणारा मऊ, सपाट पत्रा) किंवा मऊ रबराचा तुकडा घ्या. अक्षरं उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ लिहायचं, कागद ठशावर पालथा ठेवून घासायचा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात. देवनागरी कोरताना शिरोरेषा जाड ठेवा, बारीक रेघ लवकर झिजते किंवा तुटते. हाताने नावं लिहिणाऱ्यांनी आधी पेन्सिलीने शिरोरेषेची फिकट रेघ ओढून घ्यावी आणि अक्षरं तिला टांगत जावीत. हात कितीही सराईत असला तरी ओळ त्याशिवाय खाली घसरते. आणि मजकूर छापण्याआधी तारीख, वार, वेळ आणि पत्ता अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या ज्याने तो मजकूर आधी पाहिलेला नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या पत्रिकेत तारीख बरोबर होती आणि वार चुकला होता. आम्ही चौघींनी ती दहा वेळा वाचली होती.

पताकांवर मात्र माझा विशेष जीव आहे, कारण त्यात घरातली माणसं येतात. आजीची विरलेली चादर, बाबांचा कॉलर फाटलेला शर्ट, आपला शाळेतला फ्रॉक, हे सगळं एका दोरीवर येऊ शकतं. विकतचं सुती कापड मिसळणार असाल तर ते आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर नंतर आटून वेडंवाकडं होतं. हिशेब असा: २० सेंटिमीटर पाया आणि २५ सेंटिमीटर उंचीचा त्रिकोण, दोन त्रिकोणांत ५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे मीटरला चार. पंचवीस मीटर दोरीला १०० त्रिकोण लागतील. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडावर एक सुलटा, एक उलटा असे आखत गेलात तर एका पट्ट्यात दहा बसतात, तेव्हा अडीच मीटर कापड पुरतं. कापडावर एकाच दिशेची नक्षी असेल तर ही युक्ती चालणार नाही, निम्म्या पताकांवरची फुलं डोक्यावर उभी राहतील. दातेरी कात्रीने कापलं तर कडा शिवायची गरज नाही. दोरीची फीत दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जास्त ठेवा, बांधायला. आणि ओवून झालेली माळ तशीच डब्यात कोंबू नका. पुठ्ठ्याभोवती गुंडाळा, म्हणजे आयत्या वेळी गुंता सोडवत बसावं लागणार नाही.

कापड स्वतः रंगवायचं असेल तर त्यासाठी सुरुवातीचे महिनेच धरा. कांद्याच्या कोरड्या टरफलांच्या काढ्यात पिवळ्यापासून तपकिरी-केशरीपर्यंत सुंदर छटा मिळतात. सुती कापडावर रंग टिकण्यासाठी ते आधी चहाच्या कडक पाण्यात भिजवायचं, कारण त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य कापडाला तुरटी धरायला मदत करतं. मग तुरटीच्या कोमट पाण्यात. एक किलो कोरड्या कापडाला साधारण १५० ग्रॅम तुरटी. भांडं या कामाला वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. दोन वेळा रंगवलेल्या कापडांची छटा कधीच एकसारखी येत नाही, म्हणून एका ठिकाणी लागणारं सगळं कापड एकाच घाण्यात रंगवा.

पाहुण्यांना रोपं द्यायची कल्पना मला सगळ्यात आवडते, पण ती तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. मांसल पानांच्या रोपांचे तुकडे कापून, कापलेली बाजू चार दिवस सावलीत सुकू देऊन मग मातीत खोचायचे. मुळं धरायला कित्येक आठवडे लागतात. साठ घरांसाठी ७५ तुकडे लावा, काही जाणारच. बियांची पाकिटं देणार असाल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आधी पाहा. सात-आठ उगवल्या तर पाकिटं भरा, दोनच उगवल्या तर त्या बिया कुणाला देऊ नका.

ताजी फुलं आठ दिवसांच्या नियमात बसत नाहीत. म्हणून ती करायचीच असतील तर पूर्णपणे दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करा आणि त्या व्यक्तीला एवढं सांगा: आदल्या दिवशी फुलं आली की देठ तिरके कापायचे, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, बादल्या घासून स्वच्छ हव्यात, आणि रात्रभर फुलं थंड, अंधाऱ्या खोलीत पाण्यात ठेवायची. पिकत आलेल्या फळांजवळ अजिबात नाही. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात. वाळवलेली फुलं हा याहून निश्चिंत मार्ग आहे. छोट्या जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगायच्या, दोन-तीन आठवड्यांत तयार.

फोटोंच्या भिंतीसाठी मूळ फोटो कधीही लावू नका. स्कॅन करून प्रती काढा. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रतीला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहून घेण्याच्या निमित्ताने आजीजवळ बसा. ते दोन तास यादीत वेगळे मांडून ठेवा.

मदतीला माणसं बोलवायची तर "कधीही या" म्हणून कुणी येत नाही. चार ठराविक रविवार सांगा, वेळ तीन तास. टेबलावर एक पूर्ण झालेला नमुना ठेवा आणि प्रत्येकाला एकच टप्पा द्या: एकाने कापायचं, एकाने दुमडायचं, एकाने ओवायचं. काकांची घडी थोडी तिरकी आली तर तशीच राहू द्या, ती मागाहून सरळ करत बसू नका. काकांना ते दिसतं. लहान मुलांना चिकटवायचं काम द्या आणि त्यांची पताका समोरच लावा.

एकमेकांसाठी चार शब्द बोलणार असाल तर ते महिनाभर आधी लिहा आणि दोघांनी फक्त लांबी आधी ठरवून घ्या, मजकूर नाही. सावकाश, थांबत वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दोन मिनिटं पुरेशी आहेत. जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. फोनवरून वाचू नका, हात थरथरतो आणि पडदा नेमका तेव्हाच काळा होतो.

गाण्यांची यादी एका संध्याकाळचं काम आहे. तासाला पंधरा गाणी या हिशेबाने चार तासांना साठ. सगळी आधीच उतरवून घ्या आणि तो फोन विमान मोडवर ठेवा, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल वाजणार नाही.

दिव्यांच्या माळा उघड्यावर लावणार असाल तर आयपी ४४ (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी) किंवा त्याहून वरचा शिक्का पाहून घ्या. जोडवायर गुंडाळीवरून पूर्ण उलगडून टाका, वेटोळ्यातली वायर तापते. मेणबत्त्या काचेच्या उंच बरणीत, आणि कागदी सजावटीपासून लांब. दमट हवेत कागद मान टाकतो, तेव्हा उघड्या जागेत कापड आणि छताखाली कागद असं वाटून घ्या. पाट्यांवरची अक्षरं तीन मीटरवरून वाचायची असतील तर किमान अडीच सेंटिमीटर उंच हवीत. स्वच्छतागृहाची पाटी याहून दुप्पट. वडीलधाऱ्यांच्या खुर्च्या सावलीत आणि पाण्याजवळ आहेत ना, ते एकदा स्वतः तिथे बसून बघा.

पंधरा दिवस आधी अंगणात किंवा गच्चीवर सगळं एकदा मांडून पाहा, वेळ मोजा, फोटो काढा. मग खोके भरताना वस्तूंच्या प्रकाराने भरू नका, जागेच्या हिशेबाने भरा: प्रवेशद्वाराचं एक, मुख्य जागेचं एक, फोटोंच्या भिंतीचं एक. प्रत्येक खोक्यात त्या जागेचा फोटो छापून ठेवा. एक छोटी पिशवी वेगळी: दोन कात्र्या, सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, बारीक तार, मार्कर, फडकं. ती एका मैत्रिणीच्या खांद्याला. खोकी उघडणारी आणि रात्री सगळं उतरवणारी माणसं नावानिशी ठरवा, आणि दोन्ही वेळची माणसं वेगळी ठेवा. त्या यादीत तुमची दोघांची नावं कुठेही नकोत.

शेवटची वस्तू म्हणजे पाहुण्यांच्या सह्यांची वही. तिच्याऐवजी फिक्या रंगाची सुती चादर चौकटीवर ताणून ठेवा, शेजारी पेन्सिली, आणि प्रत्येकाला आपलं नाव आपल्या अक्षरात लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी ती अलगद गुंडाळून ठेवायची, पेन्सिल पुसली जाईल असं घासायचं नाही. मग दोघांनी बसून एकेक नाव दोऱ्याने भरत जायचं. शंभर नावं असतील तर दर रविवारी दोन भरलीत की लग्नाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत चादर पूर्ण होते.